गारगोटीची शाळा आणि पालकांची पारख

एखाद्या शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखकाच्या हातीं प्रथम लागतात ते स्थापनेच्या दिवशींच्या भाषणांचे कागद, देणगीदारांच्या याद्या, इमारतींच्या कोनशिला आणि वर्षावर्षाचे अहवाल. या साधनांवरून संस्थापकांचे हेतु कळतात, चालकांच्या अडचणी कळतात, विद्यार्थ्यांची संख्या कसकशी वाढत गेली तेंहि कळतें. परंतु ज्या बापानें आपला मुलगा औतावरून सोडवून शाळेच्या दारीं आणून उभा केला, अथवा आणावा कीं नाहीं याचा रात्रभर विचार करून अखेर आणला नाहीं, त्याच्या मनाची नोंद या कागदांत कोठेंच नसते. शाळा चालते ती मात्र या बापाच्या निर्णयावर. सरकारनें मान्यता द्यावी, दात्यांनीं द्रव्य द्यावें, शिक्षकांनीं आयुष्य द्यावें. पण मुलगा देणारा बापच असतो, आणि तो देण्यापूर्वीं त्यानें शाळेची कांहीं तरी पारख केलेली असते.

ही पारख बहुधा तुच्छ लेखली जाते. खेड्यांतल्या अडाणी माणसास शाळेचा दर्जा काय कळणार, असें सुशिक्षितांस वाटतें. आणि पालकांनीं मुलें पाठविलीं नाहींत म्हणजे त्यांच्या अज्ञानास दोष देऊन आपण मोकळे होतों. आमचें मत याहून निराळें आहे. पालकांच्या तराजूंतील वजनें कधीं खोटीं असतील, कधीं अपुरीं असतील, परंतु तीं त्यांच्या अनुभवानें घडविलेलीं असतात. आणि नव्या शाळेचा खरा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर हीं वजनें हातांत घेऊन पाहिलीं पाहिजेत. हें करण्यास गारगोटीइतकें बोधप्रद स्थळ महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल, असें आम्हांस वाटतें.

गारगोटी हें भुदरगड तालुक्याचें मुख्य गांव. कोल्हापुराच्या दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर, वेदगंगेच्या खोऱ्यांत तें वसलें आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आणि त्यांच्या कुशींत विखुरलेल्या वाड्या. मृग लागला कीं पावसाची झड सुरू होते आणि चिखल्या भाताच्या रोपांनीं हिरव्या होतात. जवळच भुदरगडाचा किल्ला, आणि नदीच्या उगमाकडे आणखी आंत गेलें म्हणजे पाटगांव. या पाटगांवीं मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणदिग्विजयास निघण्यापूर्वीं शिवाजीमहाराजांनीं या सत्पुरुषाचे आशीर्वाद घेतले, अशी परंपरा सांगते. पुढें याच मुलखांत विद्येची संस्था निघाली तेव्हां तिला या न बोलणाऱ्या साधूचें नांव देण्यांत आलें, आणि ती श्री मौनी विद्यापीठ या नांवानें प्रसिद्ध झाली. ‘विद्यापीठ’ या शब्दानें वाचकांचा गैरसमज होऊं नये. पदव्या देणारी ही कायद्यानें स्थापलेली संस्था नव्हे. एकाच ग्रामीण परिसरांत खालपासून वरपर्यंत शिक्षणाच्या पायऱ्या बांधाव्या, या हेतूनें उभारलेला तो एक शिक्षणसमूह होय.

या संस्थेच्या आधींची पार्श्वभूमि पाहिल्याशिवाय पालकांची मनःस्थिति समजणार नाहीं. गारगोटी त्या काळीं कोल्हापूर संस्थानांत होती, आणि कोल्हापूर संस्थानांत शिक्षण हा केवळ शिक्षणखात्याचा विषय राहिला नव्हता. शाहूछत्रपतींनीं 1901 पासून राजधानींत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरितां वसतिगृहें काढण्यास उत्तेजन दिलें, आणि 1917 सालीं संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यांत आला होता. 1917-18 सालीं या योजनेखालीं 27 शाळा व 1,296 विद्यार्थी होते; 1921-22 सालीं, म्हणजे महाराजांच्या आयुष्याच्या अखेरीस, शाळांची संख्या 420 व विद्यार्थ्यांची 22,007 झाली होती. या आंकड्यांकडे पाहून कोणासहि समाधान वाटेल. परंतु त्यांतच पालकांच्या दृष्टीची एक खूणहि दडलेली आहे. दंडाची तरतूद करावी लागली, याचा अर्थच असा कीं, शाळा म्हणजे घरच्या पोरास काय लाभ, हें पुष्कळांस पटलेलें नव्हतें. राजाज्ञेनें मूल शाळेच्या उंबऱ्याच्या आंत आणतां येतें. शाळेवरील विश्वास मात्र आज्ञेनें उत्पन्न होत नाहीं.

शिवाय प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांच्यांत बापाच्या दृष्टीनें मोठें अंतर होतें. सात-आठ वर्षांचें पोर शाळेंत गेलें तर फार तर गुरें राखावयास दुसरें कोणी पाहावें लागे. पण हायस्कुलांत जाण्याच्या वयाचा मुलगा हा शेतकऱ्याच्या घरीं अर्धा गडीच असतो. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें, आणि त्याच सुमारास या खोऱ्यांत पेरण्यांची आणि मागाहून रोपलावणीची घाई उडते. मास्तर पहिला धडा काढतात त्या दिवशीं बाप चिखलांत उभा राहून हातांची मोजणी करीत असतो. दिवाळीच्या आगेमागें कापणी-मळणी येते, तेव्हां पुन्हां तोच पेंच. शाळेची फी आणि पुस्तकें हा डोळ्यांस दिसणारा खर्च झाला; शेतांतून काढून घेतलेले हात हा न दिसणारा खर्च असून तो बहुधा फीपेक्षां जड होता. असा खर्च वर्षानुवर्षें सोसावयाचा, तर त्याच्या मोबदल्यांत मिळणारी वस्तु कसली आहे, हें पाहण्याचा हक्क त्या माणसास नव्हता काय?

अशा पालकाचा हिशेब आपण मांडून पाहूं. त्याच्या डोळ्यांपुढें शिक्षणाचें एक ठरलेलें माप आधींपासून होतें. मराठी सातवीची परीक्षा, जिला लोक नुसती ‘फायनल’ म्हणत, ती उतरलेला मुलगा प्राथमिक शाळेचा मास्तर होई किंवा तलाठ्याच्या जागेसाठीं अर्ज करी. खेड्यांत फायनल झालेल्या माणसाचा मान मोठा. सावकाराचा कागद वाचून दाखविणारा, कचेरींतील अर्ज लिहून देणारा तोच. ही परीक्षा म्हणजे ओळखीचें नाणें होतें. त्याच्यापुढें हायस्कूल जें नाणें देऊं पाहत होतें तें मॅट्रिकचें. मुंबई विद्यापीठानें 1859 सालीं ही परीक्षा प्रथम घेतली, तेव्हां उत्तीर्ण झालेल्या थोड्यांमध्यें महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें नव्वद वर्षें या परीक्षेनें महाराष्ट्रांतील माध्यमिक शाळांवर राज्य केलें, आणि 1949 पासून तिची गादी एस. एस. सी. परीक्षेकडे आली. नांव पालटलें, सत्ता पालटली नाहीं. ज्या शाळेचीं मुलें या परीक्षेंत उतरतात ती शाळा चांगली, ही व्याख्या शहरांतहि तीच होती आणि खेड्यांतहि तीच. मग जी शाळा काल उघडली, जिची एकहि तुकडी अजून परीक्षेस बसलेली नाहीं, तिची पारख पालकानें कशावरून करावी? फायनल झालेला मुलगा हातचा सोडून मॅट्रिक न होणाऱ्या मुलाच्या मागें पांच-सहा वर्षें घालविलीं, तर तो ना मास्तर ना शेतकरी, अशा अवस्थेंत घरीं परत यावयाचा. ही भीति काल्पनिक नव्हती.

दुसरें वजन शिक्षकांचें. नव्या खेडवळ शाळेंत पदवीधर शिक्षक मिळणें कठीण, आणि मिळाला तरी टिकणें त्याहून कठीण. आडवळणाचें गांव, पावसाळ्यांत बेभरंवशाचा रस्ता, बिऱ्हाडाची अडचण. शहरांत जागा निघाली कीं तो जावयाचा. पालकास इंग्रजीचा उच्चार बरोबर कीं चूक हें समजत नसेल, पण इंग्रजीचा मास्तर वर्षांत दोनदां बदलला हें त्यास नक्की समजतें. मास्तर गांवांत राहतो कीं शनिवारीं दुपारीं निघून सोमवारीं उशिरां उगवतो, पोरें घरीं आल्यावर कांहीं लिहीतवाचीत बसतात कीं नाहीं, मारानें भेदरलेलीं आहेत कीं शाळेच्या वाटेनें हंसत जातात, या खुणा वाचण्यास पदवी लागत नाहीं. शिक्षणाधिकाऱ्याच्या तपासणींत जें दोन दिवसांत दिसत नाहीं, तें गांवास रोज दिसत असतें.

तिसरें वजन सांगतांना मात्र आमची लेखणी अडखळते, पण तें टाळून इतिहास लिहितां यावयाचा नाहीं. आपल्या मुलाच्या शेजारीं कोण बसणार, हें पाहून शाळेची प्रत ठरविण्याची संवय आपल्या समाजांत खोल रुजलेली होती. शाहूमहाराजांनीं 1919 सालीं अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांस इतरांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. हुकूम काढावा लागला हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1924 सालीं सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें, तेव्हां एका पंक्तीस जेवणें हाच तेथील पहिला आणि कठीण धडा होता. ‘शाळेचा दर्जा घसरला’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो कीं, पूर्वीं जे शाळेबाहेर होते ते आतां आंत आले. पालकांच्या तराजूंतील इतर वजनांचें समर्थन आम्ही करूं. या वजनाचें करणार नाहीं. तें खोटें होतें, आणि जेथें जेथें तें आज रूप पालटून शिल्लक आहे तेथें आजहि खोटेंच आहे. परंतु याच वजनाची दुसरी बाजूहि ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या पालकांस पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभें केलें होतें, त्यांच्या दृष्टीनें आपलें मूल सर्वांबरोबर एकाच बांकावर बसलें आहे, हाच त्या शाळेच्या गुणवत्तेचा सर्वांत मोठा पुरावा होता. एकच वर्ग, एकच मास्तर आणि एकच फळा. पण एका पालकास तेथें उणीव दिसे आणि दुसऱ्यास उत्कर्ष.

आणि चौथें वजन म्हणजे मुलगा हातचा जाण्याचें. शिकलेला मुलगा गांवीं राहत नाहीं, मुंबईचा रस्ता धरतो, हें खेड्यांतील माणसानें पाहिलेलें होतें. शाळा वाईट निघाली तर मुलगा वायां जाणार, आणि चांगली निघाली तर शेताला पारखा होणार, अशा दुहेरी कात्रींत बाप सांपडलेला असे.

नव्या शाळेविषयींची शंका ही खेड्यांतील अज्ञानाची खूण, असें कोणी म्हणेल तर त्यानें पुण्याकडे पाहावें. 1880 च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल उघडलें, आणि पुढें गोपाळ गणेश आगरकर त्यांस येऊन मिळाले. शास्त्रीबोवांनीं सरकारी नोकरी सोडलेली; बाकीचे नुकतेच कॉलेजांतून बाहेर पडलेले तरुण. शहरांत सरकारी हायस्कुलाचा दबदबा असतांना या बिनइमारतीच्या शाळेंत मुलगा घालावा कीं नाहीं, हा प्रश्न पुण्यांतील शहाण्यासुरत्या पालकांपुढेंहि उभा राहिलाच असला पाहिजे. तो सुटला कशानें? स्वदेशाभिमानाच्या व्याख्यानांनीं थोडासा; पण मुख्यतः मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतासाठीं ठेवलेल्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या या शाळेचीं मुलें मिळवूं लागलीं तेव्हां. ज्यांस इंग्रजी अमदानींतील शिक्षणाची पद्धत मुळांतच बदलावयाची होती, त्यांसहि प्रथम त्याच पद्धतीच्या मापानें आपली शाळा खरी करून दाखवावी लागली. संस्थापकांचें माप एक व पालकांचें माप दुसरें, आणि पालकांचें माप पुरें केल्याशिवाय आपलें माप पुढें आणतां येत नाहीं, हा धडा पुण्यानें सत्तर वर्षें आधींच घालून दिला होता. फरक एवढाच कीं, पुण्याच्या पालकास निवड होती. एक शाळा नापसंत पडली तर दुसरी हांकेच्या अंतरावर. डोंगरांतल्या वाडीवरील पालकापुढें जवळची शाळा किंवा मुळींच शाळा नाहीं, असे दोनच मार्ग होते. कारण शहरांत मुलगा ठेवण्याइतकी ऐपत गांवांत हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच घरांची असते. म्हणून खेड्यांतील शाळेची जबाबदारी शहरांतील शाळेहून अधिक. ती बिघडली तर तिच्या पालकांस दुसरीकडे जातां येत नाहीं.

ही जबाबदारी ज्यांनीं शिरावर घेतली, ते मौनी विद्यापीठाचे संस्थापक जयंत पांडुरंग नाईक हे स्वतः याच मातीचे. शेजारच्या आजरा तालुक्यांतील बहिरेवाडी येथें 1907 सालीं त्यांचा जन्म झाला. कायदेभंगाच्या चळवळींत त्यांनीं तुरुंगवास भोगला, आणि सुटल्यावर धारवाड जिल्ह्यांतील उप्पिन बेटगेरी या गांवीं जाऊन साक्षरतेचें व ग्रामसुधारणेचें काम केलें. सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनीं लिहिलेला ब्रिटिश अमदानींतील हिंदी शिक्षणाचा इतिहास 1943 सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे गारगोटीस संस्था उभारणारा हा मनुष्य केवळ उत्साही समाजसेवक नव्हता. मागील दीडशें वर्षांत या देशांत शाळा कशा निघाल्या, कोणासाठीं निघाल्या आणि कोणास बाहेर ठेवून चालल्या, याचा अभ्यास करून बसलेला इतिहासकार होता. त्यांच्या पत्नी डॉ. चित्राबाई नाईक यांनींहि या कार्यास हातभार लावला.

काळहि अपेक्षांनीं भरलेला होता. याच गारगोटीच्या कचेरीवर 13 डिसेंबर 1942 रोजीं क्रांतिकारकांनीं चाल केली, आणि तींत स्वामी, वारके आदि सात वीर धारातीर्थीं पडले. ज्या गांवानें स्वातंत्र्याची एवढी किंमत पाहिली होती, त्यास स्वातंत्र्याचें फळ आपल्या पोरांच्या पदरीं कोणत्या रूपानें पडतें हें पाहण्याची उत्कंठा असणें साहजिक होतें. स्वातंत्र्य उजाडलें, 1 मार्च 1949 रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, राजा गेला, राजाचा दंडहि गेला. आतां शाळेंत जावें ही कोणाची आज्ञा नव्हती, ती लोकांची इच्छा व्हावयाची होती. विद्यापीठाच्या माध्यमिक शाळेस शाहूमहाराजांचें नांव देऊन तिला ‘श्री शाहू कुमार भवन’ म्हटलें गेलें, त्यांत हें सातत्य आणि हा पालट दोन्ही आम्हांस दिसतात.

परंतु पालकांच्या पारखीची खरी कसोटी लागली ती पुढें, उच्च शिक्षणाच्या प्रयोगांत. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन् आयोगानें खेड्यांसाठीं ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. तिला अनुसरून 1956 सालीं मध्यवर्ती सरकारनें ग्रामीण उच्च शिक्षणाची राष्ट्रीय समिति नेमली, आणि देशांत ठिकठिकाणीं ‘रूरल इन्स्टिट्यूट’ नांवाच्या संस्था सुरू करविल्या. गारगोटीचें मौनी विद्यापीठ हें त्यांपैकीं एक. तेथें तीन वर्षांचा ग्रामसेवेचा पदविका-अभ्यासक्रम असे; पुस्तकी विद्येबरोबर गांवांतील प्रत्यक्ष काम, शेती, सहकार व आरोग्य यांचें ज्ञान विद्यार्थ्यांस व्हावें, त्यानें गांव सोडून न जातां गांवाचें नेतृत्व करावें, हा उद्देश. सरकारी नोकरीपुरती ही पदविका पदवीच्या बरोबरीची मानण्यांतहि आली. कल्पना म्हणून तिच्यांत उणें काढण्यास जागा नाहीं. वर सांगितलेलें पालकांचें चौथें वजन, म्हणजे मुलगा हातचा जाण्याचें भय, त्यावर तर हा रामबाण उपाय होता.

असें असून हा उपाय पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं मनापासून स्वीकारला नाहीं. पदवी ती पदवी आणि पदविका ती पदविका, असेंच त्यांचें मत राहिलें. पुष्कळ विद्यापीठें या पदविकेस पुढील अभ्यासक्रमांसाठीं मोकळेपणानें मान्यता देईनात. कागदावरची बरोबरी व्यवहारांत उतरली नाहीं, आणि कांहीं वर्षांतच देशांतील बहुतेक अशा संस्था नेहमींच्या कॉलेजांच्या वळणावर गेल्या. गारगोटींतहि कला, विज्ञान व वाणिज्य यांचें कर्मवीर हिरे यांच्या नांवाचें महाविद्यालय उभें राहिलें. शिक्षणशास्त्रज्ञांनीं याचा खेद मानला. लोकांस नावीन्याची किंमत कळली नाहीं, असेंहि म्हटलें गेलें.

आम्हांस येथें पालकांची बाजू घ्यावीशी वाटते. खेड्यांतील बापानें मनाशीं जो प्रश्न केला तो असा असला पाहिजे: ही विद्या जर इतकी उत्तम, तर शहरांतील वकिलाचा व मामलेदाराचा मुलगा ती घ्यावयास येथें कां येत नाहीं? शेतकऱ्याच्या मुलास शेतीचें, ग्रामसेवेचें शिक्षण, आणि साहेबाच्या मुलास इंग्रजी, कायदा व वैद्यक, ही वांटणी त्यास नवीन नव्हती. पूर्वीं ती जात करीत असे, आतां शाळा करूं लागली, एवढेंच. 1937 च्या वर्धा योजनेंतील हस्तोद्योगाच्या शिक्षणाविषयींहि हीच शंका घेतली गेली होती. संस्थापकांच्या मनांत असा पंक्तिप्रपंच नव्हता, उलट तो मोडावा हीच त्यांची धडपड होती. पण जोंवर सारा देश पदवीस मान देतो आणि पदविकेस आश्वासन देतो, तोंवर आपल्या मुलानें मानाची वस्तु मागावी, हा बापाचा निर्णय व्यवहाराचा आणि न्यायाचाहि होता. सुधारणेचा प्रयोग करावयाचा तर तो सर्वांवर व्हावा; नेहमीं गरिबाच्याच मुलावर कां?

या अनुभवाचा नाईकांच्या पुढील विचारांवर किती परिणाम झाला हें मोजून सांगण्याचें साधन नाहीं. पण त्यांची पुढील वाटचाल पाहिली म्हणजे दोहोंची संगति लागते. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं 1964 सालीं नेमलेल्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. 1966 सालीं सादर झालेल्या त्याच्या अहवालांत सर्वांसाठीं समान शाळा आणि परिसरांतील सर्व मुलांस एकत्र घेणारी शेजारशाळा यांचा पुरस्कार आहे. वकिलाचा आणि कुळाचा मुलगा एकाच शाळेंत असला म्हणजे ती शाळा सुधारण्याची गरज वकिलासहि भासेल, हें त्यामागील साधें मर्म. नंतर 1975 सालीं त्यांनीं एक पुस्तक लिहिलें, आणि समता, गुणवत्ता व संख्या हा हिंदी शिक्षणाचा हातीं न लागणारा त्रिकोण आहे, असें त्याच्या नांवांतच सांगून टाकलें. सर्वांस प्रवेश द्यावा तर गुण उतरतो म्हणतात. गुण राखावा तर थोड्यांचीच सोय होते. संख्या वाढवावी तर दोन्हींस धक्का लागतो. एक कोपरा धरला कीं दुसरा सुटतो. 1981 सालीं नाईक वारले, तेव्हांहि हा त्रिकोण जुळलेला नव्हता.

हा त्रिकोण राजधानींतील आयोगांस कागदावर दिसला, पण गारगोटीच्या परिसरांतील पालकास तो आपल्या ओसरीवर बसून दिसत होता. माझ्या मुलास शाळेंत घेतात का, ही समता. तेथें त्यास कांहीं येतें का, ही गुणवत्ता. आणि माझ्यासारख्या किती जणांस ती पुरते, ही संख्या. त्यानें हे शब्द वापरले नसतील, परंतु या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्यानें मन दिलें नाहीं. मुलगा दिला तरी अर्ध्या मनानें दिला. ज्या शाळेनें कांहीं वर्षांत हीं उत्तरें दिलीं, तिच्या दारीं मग तोच बाप आपण होऊन धाकट्यासहि घेऊन आला, आणि पुढें धिटाईनें मुलीसहि. नव्या शाळेचा दर्जा ठरण्यास एक परीक्षा पुरत नाहीं. पहिल्या तुकडींतला मुलगा मोठा होऊन आपलें मूल त्याच शाळेंत घालतो कीं नाहीं, हें पाहण्यास एक पिढी जावी लागते.

आज परिस्थिति पालटली आहे. 2009 च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि 2012 च्या महाराष्ट्रांतील कायद्यानें स्वयंअर्थसहाय्यित शाळांस वाट मोकळी झाली. आतां तालुक्याच्या गांवींहि पालकापुढें निवड आहे. पिवळ्या गाड्या वाड्यावाड्यांतून मुलें गोळा करीत फिरतात. पारख करण्याचें काम त्यामुळें सोपें झालें असें मात्र नाहीं. माध्यमाचें नांव, गणवेशाचा झोंक, निकालाचे फलक, हीं नवीं वजनें तराजूंत आलीं; आणि ‘तेथें कसलीं मुलें येतात’ हें जुनें खोटें वजनहि सभ्य शब्दांचा अंगरखा घालून पुन्हां आंत शिरलें. ऐपतीचे पालक सरकारी शाळेंतून मुलें काढतात, म्हणून ती शाळा दुबळी होते. आणि ती दुबळी झाली म्हणून उरलेलेहि काढूं पाहतात. ज्यांस काढतां येत नाहीं, त्यांच्या मुलांचें काय, हा प्रश्न आजहि तितकाच जिव्हाळ्याचा आहे.

पालकांनीं पारख करूं नये, असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. उलट ती अधिक कसून करावी. मास्तर टिकतात का, मागें पडणाऱ्या मुलाचें काय करतात, गरिबाचें मूल तेथें मान वर करून बसतें का, हें विचारावें. आणि उत्तर नापसंत पडलें तर मुलगा उचलून नेण्यापूर्वीं एकदां शाळेच्या दारांत उभें राहून तक्रार करावी. जो पालक मुकाट्यानें निघून जातो तो आपल्या एका मुलाची सोय करतो. जो राहून बोलतो त्याच्यामुळें वर्गांतल्या चाळीसांची सोय होण्याचा संभव असतो. गारगोटीच्या संस्थेनें मौनी महाराजांचें नांव घेतलें तें आदरानें, आणि तें योग्यच झालें. पण साधूस शोभणारें मौन पालकांस शोभत नाहीं.